मावशीची किल्ली: रिमोटचा सेल घरी बदलताना काय काय झालं

मावशीचा फोन आला तेव्हा मागे हॉर्न वाजत होता. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानासमोर गाडी लावून ती तांदूळ घ्यायला गेली होती. परत येऊन रिमोटचं बटण दाबलं, काही झालं नाही. चार-पाच वेळा दाबलं. मग तिने किल्ली दारात घालून दार उघडलं आणि गाडीचा अलार्म सुरू झाला. जुलैचा पाऊस, बाजाराची गर्दी, येणारे-जाणारे वळून बघतायत आणि ती पिशवी हातात धरून स्वतःच्याच गाडीपाशी चोरासारखी उभी. "अगं, हे बंद कसं करू?" एवढंच ती विचारत होती. मी म्हटलं, "आत बस आणि नेहमीसारखी गाडी सुरू कर." तिने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, हॉर्न थांबला.

निम्मं निदान त्या दोन मिनिटांतच झालं होतं. रिमोट गप्प होता, पण तीच किल्ली गाडी सुरू करत होती. म्हणजे किल्लीतलं एक काम बंद पडलं होतं आणि दुसरं ठणठणीत होतं. ही दोन कामं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे ज्याला नीट कळलं त्याला या किल्लीची भीती वाटत नाही. पुढे त्याच फरकाने मलाही एकदा अडवलं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहिते आहे.

आधी काय घडलं होतं

गाडी पाच वर्षांपूर्वी घेतलेली पेट्रोल हॅचबॅक. किल्ली घडीची, म्हणजे बटण दाबलं की पातं बाहेर उसळतं ती. वर दार उघडण्याचं आणि बंद करण्याचं बटण, कोपऱ्यात मोहरीएवढा लाल दिवा. मार्चपासून तिचा पल्ला कमी होत गेला. आधी फाटकातून गाडी उघडायची, मग पायरीवरून, मग अगदी काचेला किल्ली लावावी लागायची.

जूनमध्ये मावशीने घड्याळाच्या दुकानातून सेल बदलून घेतला. दोन दिवस छान चालला आणि मग लहरी झाला: कधी पहिल्या दाबाला उघडायची, कधी दहाव्या. सर्व्हिस सेंटरवर दाखवलं, तर तिथल्या माणसाने किल्ली न उघडताच सांगितलं की रिमोट गेला, नवीन किल्ली कोडिंगसकट, म्हणजे गाडीला तिची ओळख करून देण्यासकट, आठ हजारांच्या आसपास पडेल. सेल नवा आहे म्हटल्यावर दोष रिमोटचाच, असा त्याचा हिशेब. ऐकायला तो बरोबर वाटतो, आणि मावशीलाही पटला होता. मला हे लागलं. आठ हजार हा तिच्या पेन्शनमधला मोठा तुकडा आहे, आणि चार स्क्रू तरी उघडून बघायला काय हरकत होती?

मी पुण्याला पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत काम करते. त्या शनिवारी कोल्हापूरला जाताना व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर, २२० ओहमचे दोन रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला अडवणारे छोटे भाग), प्लास्टिकचा चिमटा आणि सीआर२०३२ सेलांचं पाकीट पिशवीत टाकलं.

उघडण्याआधी

गेल्या गेल्या किल्ली उघडायचा मोह होतो. तो आवरला आणि मावशीला कपाटातली दुसरी किल्ली काढायला लावली. गाडी फाटकापाशी उभी केली आणि पेरूच्या झाडाकडे पावलं मोजत गेलो. दुसऱ्या किल्लीने तिसाव्या पावलावरूनही दारं उघडली, इंडिकेटर लुकलुकले. पहिली किल्ली दुसऱ्या पावलावर एकदा चालली, पुढे नाही. म्हणजे गाडीतला रिसीव्हर चांगला आहे, दोष किल्लीत आहे. दोन किल्ल्या असलेल्या कोणालाही ही चाचणी फुकटात करता येते, आणि ती झाल्याशिवाय मी तरी काही उघडणार नाही.

मावसभावाने मोबाइलचा कॅमेरा सुरू करून किल्ली त्याच्यासमोर धरली. टीव्हीच्या रिमोटला हे चालतं, कारण तो इन्फ्रारेड प्रकाश फेकतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांना तो जांभळट दिसतो. गाडीची किल्ली रेडिओलहरी पाठवते, आपल्याकडे बहुतांशी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. कॅमेऱ्यात त्या दिसणार नाहीत. किल्लीवरचा लाल दिवा मात्र बघण्यासारखा असतो. मावशीच्या किल्लीचा दिवा कधी लखकन पेटायचा, कधी पेटायचाच नाही. संपत आलेल्या सेलचा दिवा मिणमिणतो. हा एक तर पूर्ण पेटत होता, नाहीतर मुळीच नाही. इथेच मला सेलपेक्षा जोडणीचा संशय आला.

तीन सेल, तीन आकडे

जेवणाच्या टेबलावर ताट ठेवलं, त्यात पांढरा पंचा अंथरला. उघडताना बारीक काही उडालं तर काठाबाहेर जात नाही आणि पांढऱ्यावर दिसतं. आधी पातं बाहेर काढून घेतलं. घडीच्या किल्लीत पात्याच्या मुळाशी पिळलेली स्प्रिंग असते. तो भाग उघडायचा नसतो, एकदा सुटली की पुन्हा बसवताना दमछाक होते. रिमोटचा अर्धा भाग वेगळा निघतो, त्याच्या कडेला बारीक खाच असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते खाचेत घातलं आणि हळूच पिळलं. उचकटायचं नाही, पिळायचं. नाहीतर प्लास्टिकची नखं तुटतात. एक टक् आवाज आला, मग कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवत नेलं आणि दोन्ही अर्धुकं सुटली.

आत सेल होता सीआर२०२५. त्याखालच्या प्लास्टिकवर स्पष्ट कोरलेलं होतं सीआर२०३२.

या अक्षरांत आणि आकड्यांत सगळं लिहिलेलं असतं. सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचा सेल, आर म्हणजे गोल. पुढचे दोन आकडे व्यास, मिलिमीटरमध्ये: २०. शेवटचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात: ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, २५ म्हणजे २.५. दोन्ही तीन व्होल्टचे, दोन्ही रुपयाच्या नाण्यासारखे दिसणारे. फरक ०.७ मिलिमीटरचा. तो भरून काढायला कोणीतरी वरची पितळी पट्टी उचकटून वाकवली होती. दोन दिवस ती टेकून राहिली असेल, मग तिचा ताण गेला. किल्ली पर्समध्ये हलली की सेल सुटायचा, पुन्हा हलली की टेकायचा.

पट्टी सैल आहे हे बघून थांबता आलं असतं, पण मला सेलचीही खात्री करायची होती. मल्टिमीटर लावला: ३.१२ व्होल्ट. हा आकडा फसवा असू शकतो, कारण मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच मागत नाही. रिमोट बटण दाबल्यावर काही मिलिअँपिअर मागतो, आणि खरी परीक्षा तेव्हा होते. म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवून, एक-दोन सेकंदच, पुन्हा मोजलं. २.९५ व्होल्ट. उत्तम. सेल चांगलाच होता.

"मग जुना काय वाईट होता?" मावशीने विचारलं आणि उठून शोकेसवरच्या वाटीतून घड्याळवाल्याने परत दिलेला मूळ सेल आणून दिला. तिने तो फेकला नव्हता, 'लागला तर असू दे' म्हणून ठेवला होता. तो मोजला. नुसता: २.९३ व्होल्ट. मावशी म्हणाली, "म्हणजे भरलेलाच आहे की." मग रेझिस्टर टेकवला, आकडा झरझर उतरत २.०० वर आला.

जुन्या सेलचं दुखणं असं असतं. लिथियमच्या या सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा घसरत नाही, पण आतला रोध वाढत जातो. नव्या सेलात तो दहा-पंधरा ओहमच्या आसपास असतो. या जुन्या सेलात माझ्या आकड्यांवरून तो शंभरावर निघाला. पाण्याची टाकी भरलेली, पण नळाच्या पाइपात क्षार साचलेले, अशी अवस्था. थंडीत हा रोध आणखी वाढतो. कितीतरी किल्ल्या डिसेंबरच्या सकाळी बंद पडतात आणि दुपारी उन्हात पुन्हा चालतात, त्याचं कारण हेच. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबून 'सेल चांगला आहे, रिमोट गेला' असं सांगणाऱ्यांची गफलत इथे होते.

मी आणलेला नवा २०३२ तपासला: ३.२५ आणि रेझिस्टरसकट ३.०८.

मग मावशीला एक गंमत दाखवली. सैल पट्टीखाली तोच २०२५ परत ठेवला, नखाने हलकेच दाबून धरला आणि बटण दाबलं. लाल दिवा लखकन. नख उचललं, बटण दाबलं. अंधार. पुन्हा नख, पुन्हा दिवा. असं तिनेच पाच-सहा वेळा करून बघितलं. "एवढ्यासाठी आठ हजार?" ती एवढंच म्हणाली आणि बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली.

त्या वाटीबद्दल

जुना सेल ज्या वाटीत होता ती शोकेसच्या खालच्या फळीवर होती. मावशीची नात दोन वर्षांची आहे आणि सगळं तोंडात घालून बघते. इथे मी काम थांबवलं.

गिळलेला नाणं-सेल विष म्हणून नव्हे, वीज म्हणून घात करतो. वीस मिलिमीटर व्यासाचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. दोन्ही बाजूंनी ओली त्वचा लागली की प्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, कॉस्टिक सोड्यासारखी. दोन तासांत खोल भाजतं. आणि त्यासाठी सेल नवा असावा लागत नाही. रिमोटच्या दृष्टीने मेलेल्या त्या सेलमध्ये आत्ताच आपण २.९३ व्होल्ट मोजले होते. मावशीने तो आकडा स्वतः वाचला होता, म्हणून तिला मला वेगळं पटवावं लागलं नाही. ती उठली आणि वाटी वरच्या कपाटात ठेवून आली.

अमेरिकेत टेक्सासमधली रीस हॅमस्मिथ ही दीड वर्षाची मुलगी रिमोट कंट्रोलमधला असा सेल गिळल्याने डिसेंबर २०२० मध्ये गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिथे 'रीसेज लॉ' नावाने कायदा झाला. अशा सेलची झाकणं लहान मुलांना उघडता येऊ नयेत, पाकिटंही त्यांना सहज फाडता येऊ नयेत, ही बंधनं त्यात आहेत. पाकीट उघडताना होणारी चिडचिड मला तेव्हापासून खुपत नाही.

मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ उमटतं, त्यावरून डॉक्टर ओळखतात. उलटी काढायची नाही. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, असं अमेरिकेतल्या विषबाधा सल्लाकेंद्राचं मार्गदर्शन आहे. मधाने अल्कलीचा मारा थोडा मंदावतो. पण मध शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही, आधी गाडी काढायची.

काही कंपन्या आता सेलवर कडू लेप देतात, मुलाने तोंडात घातला तर थुंकावा म्हणून. लेप चांगलाच, पण तो पट्टीच्या आड आला तर जोडणी होत नाही. अ‍ॅपलच्या एअरटॅग या वस्तू शोधून देणाऱ्या बिल्ल्याच्या सूचनांत असे सेल कदाचित चालणार नाहीत असं लिहिलेलंच आहे. नवा सेल घालूनही किल्ली गप्प राहिली तर हेही आठवावं.

बसवणी

वाकलेली पट्टी दातकोरण्याने हळूहळू खाली आणली, धातूचं काही न वापरता. घाई केली तर ती मुळाशी मोडते आणि मग खरंच रिमोट गेला म्हणावं लागेल. पट्टीवर बोटांचा चिकटपणा होता, तो कोरड्या मलमलीने पुसला. नवा सेल कडेने धरला. दोन्ही सपाट बाजूंवर बोटं टेकली की घामाचा आणि तेलाचा थर बसतो. एका दिवसात त्याने काही बिघडत नाही, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत अशा हवेत, तोच थर ओल धरतो. धातूचा चिमटा तर नकोच, तो दोन्ही बाजूंना टेकला की सेल शॉर्ट होतो.

अधिक खूण असलेली रुंद बाजू या किल्लीत खाली जाते. प्रत्येक किल्लीत तसंच असेल असं नाही, म्हणून जुना सेल काढण्याआधी फोटो काढायचा असतो. तो मी काढला होता. सेल खाचेत टक् करून बसला, पट्टी त्याच्यावर घट्ट टेकली. किल्ली उलटी करून हलवली, हलला नाही. बटण दाबलं, दिवा लागला. अर्धुकं जुळवून कडेने दाबत आणली.

बाहेर पाऊस थांबला होता. मावशीने पेरूच्या झाडापर्यंत पावलं मोजत जाऊन बटण दाबलं. एकतीस पावलं. गाडीचे इंडिकेटर दोनदा लुकलुकले. तिने पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, "चल, रंकाळ्यावर एक चक्कर मारून येऊ."

गाडी सुरू होईना

इंजिन फिरलं, दोन सेकंद चाललं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत होता.

मावसभाऊ लगेच म्हणाला, "मी म्हणत होतो ना ताई, सेल काढला की कोडिंग उडतं." मावशी काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तेच होतं. दोन मिनिटांपूर्वी ती केवढी खूश होती! मला आतून हललं.

कोडिंग उडालं नव्हतं, आणि ते का उडत नाही हे सांगायला हवं, कारण निम्मे लोक याच भीतीने किल्ली उघडत नाहीत. बटणांचा भाग दर वेळी नवा संकेत पाठवतो. एक मोजणी पुढे सरकत असते आणि गाडीही तीच मोजणी जपते, म्हणून मागचा संकेत कोणी चोरून ठेवला तरी उपयोग नाही. या पद्धतींपैकी 'कीलॉक' ही गाजलेली, १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली. ही मोजणी अशा स्मृतीत असते की जी वीज गेली तरी पुसली जात नाही. सेल काढून किल्ली ठेवून दिली तरी ती ओळख विसरत नाही. मुलाने गाडीपासून लांब बसून शे-दीडशे वेळा बटण दाबलं, तर मोजणी पुढे निघून जाऊ शकते. तेव्हा बऱ्याच गाड्यांत जवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं. आणि मुख्य म्हणजे, आमची बटणं तर एकतीस पावलांवरून चालत होती.

अडलं होतं ते दुसरं काम. किल्ली फिरवतो त्या लॉकभोवती तारेचं एक कडं असतं. ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, आणि किल्लीतली एक छोटी चिप त्याच क्षेत्रातून स्वतःपुरती वीज घेऊन 'मी तीच' असं उत्तर देते. सेलशी तिचा काही संबंध नाही. उत्तर आलं नाही तर गाडी पेट्रोल आणि स्पार्क तोडते. हा इमोबिलायझर. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. लक्ष्मीपुरीत मावशीची गाडी मेलेल्या रिमोटने सुरू झाली, ती या चिपमुळे. आता नेमकं उलट झालं होतं: रिमोट जिवंत, चिप गप्प.

दुसरी किल्ली आणायला सांगितली. तिने गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. म्हणजे गाडी ठीक, पहिल्या किल्लीतली चिप ठीक नाही किंवा जागेवर नाही.

किल्ली पुन्हा उघडली. पात्याच्या बाजूच्या अर्धुकात एक रिकामा चौकोनी कप्पा होता, तळाशी वाळलेल्या डिंकाचा पिवळा डाग. चिप तिथे असायला हवी होती. पहिल्या वेळी, जूनमध्ये, उघडताना तिची पकड सुटली असणार, आणि आज अर्धुक उलटं केलं तेव्हा ती पडली. माझा फोटो होता तो सेलच्या बाजूचा. या अर्धुकाचा मी काढलाच नव्हता. ती चूक माझी.

ताटात चिप नव्हती. पंचा? "पंचा मी झटकला गं," मावशी म्हणाली. पायरीवर उभं राहून, अंगणात.

पुढची वीस मिनिटं आम्ही तिघं टॉर्च घेऊन फरशीवर वाकलो होतो. चिप काळी, बारा मिलिमीटर लांब, सहा रुंद, तीन जाड, म्हणजे चिंचोक्याहूनही लहान. ओल्या शहाबादी फरशीवर काळं काहीतरी शोधणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. पागोळ्यांचं पाणी जिथे साचतं त्या खळग्याच्या कडेला, तगरीच्या पानाखाली, ती मावशीलाच सापडली. भिजली होती, पण ती पूर्ण प्लास्टिकमध्ये बंद असते, पाण्याने तिला काही होत नाही. पुसली.

किल्लीत बसवण्याआधी मी ती चिप मावशीच्या दोन बोटांत दिली आणि लॉकच्या तोंडाशी, किल्लीच्या पात्याला चिकटवून धरायला सांगितली. सेल काढलेली, उघडी किल्ली मी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मावशीने ती चिप डोळ्यांजवळ नेली. "याला सेल लागत नाही?" "नाही लागत." "आणि हे हरवलं असतं तर?" तर खरोखर नवी किल्ली आणि कोडिंगचा खर्च आला असता. मी तिला तसंच सांगितलं.

चिप कप्प्यात ठेवून दुहेरी टेपचा बारीक तुकडा लावला. झटपट चिकटणारा गोंद टाळला, त्याची वाफ आतल्या सर्किटवर पांढरी बसते आणि पुढच्या वेळी चिप निघतही नाही. सगळ्याच किल्ल्यांत चिप अशी सुटी नसते, काहींत ती सर्किटवरच बसवलेली असते. पण उघडल्यावर दोन्ही अर्धुकांचा फोटो काढायचा, हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते.

बटण-स्टार्टवाल्यांसाठी थोडंसं

मावसभावाची गाडी बटण-स्टार्ट आहे. त्याने विचारलं, "माझ्या किल्लीला तर पातंच नाही, ती बंद पडली तर?" पातं असतं, किल्लीच्या पोटात. कडेची छोटी खिटी सरकवली की निघतं, आणि दारावर त्यासाठी छिद्र असतं, कधी हँडलच्या झाकणाखाली. आत बसल्यावर मेलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायची, बऱ्याच गाड्या तेवढ्यावर तिला ओळखतात, त्याच १२५ किलोहर्ट्झच्या युक्तीने. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. आणि अशी किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर, गाडीपासून हातभर अंतरावर टांगू नये. गाडी आणि किल्ली रात्रभर एकमेकींशी बोलत राहिल्या तर सेल लवकर उतरतो. अशा किल्लीत एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा सेलही घालू नये. आकार तोच, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टचा असतो, आणि सर्किट तीन व्होल्टसाठी केलेलं असतं.

त्यानंतर

काढलेल्या दोन्ही सेलांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, म्हणजे एकमेकांना किंवा दुसऱ्या धातूला लागून तापणार नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे सेल घरच्या कचऱ्यात मिसळायचा नसतो. आमच्या कॉलेजात ई-कचरा गोळा होतो, म्हणून मी ते पुण्याला घेऊन आले. पाकिटातला एक सेल दुसऱ्या किल्लीसाठी मावशीच्या वरच्या कपाटात आहे, पाकिटासकट, न उघडलेला. असा सेल बंद पाकिटात कित्येक वर्षं टिकतो, वर्षाला साधारण एक टक्काच उतरतो. गाडीच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तिने आपल्या वळणदार शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहून ठेवलं: 'सीआर२०३२. रुंद बाजू खाली. काळी चिप पात्याच्या बाजूला.' त्याखाली तारीख.

घड्याळवाल्याकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. भांडायला नाही. त्याला दोन्ही सेल कागदावर काढून दाखवले, एक जाड एक पातळ, आणि सांगितलं की किल्लीत कोरलेला आकडा बघत जा. त्याच्याकडे त्या दिवशी २०३२ संपला होता म्हणे.

दिवाळीत गेले तेव्हा मावशी फाटकातून पेरूच्या झाडाकडे चालत गेली, मनात मोजत. थांबली, मागे वळली, बटण दाबलं. इंडिकेटर दोनदा लुकलुकले. "एकतीस," ती म्हणाली.